भारताच्या संघात वेगवान गोलंदाज कोणते घ्यावेत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परदेश दौऱ्यासाठी कसोटी संघ जाहीर झाला की दुसऱ्या दिवशी आमच्या मैदानावर सराव कमी आणि वाद जास्त होतो. जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी संध्याकाळी मुलांची गोलंदाजी पाहतो आणि स्पर्धांमध्ये गुणलेखन करतो. त्यामुळे पालक, मुले आणि मैदानाच्या कडेला गाडी लावून उभे राहणारे केळीचे व्यापारी असे सगळेच मला निवड समितीचा सदस्य समजून जाब विचारतात. बुमराला का बसवले, शमीला का घेतले नाही, अर्शदीपला सहलीला नेले होते का, असे ते प्रश्न असतात. त्यांची उत्तरे येथे एकत्र लिहिली आहेत. भर कसोटी क्रिकेटवर आहे, कारण वेगवान गोलंदाजांच्या निवडीचा खरा पेच तेथेच पडतो.

संघ निवडतो कोण, आणि अकरा जण ठरवतो कोण?

या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि निम्मे वाद त्यांची सरमिसळ केल्यामुळे होतात. दौऱ्यावर जाणारा संघ पाच सदस्यांची निवड समिती ठरवते. जुलै २०२३ मध्ये तिचे अध्यक्षपद अजित आगरकर यांच्याकडे आले, आणि ते स्वतः वेगवान गोलंदाज होते. प्रत्यक्ष सामन्यात उतरणारे अकरा जण मात्र कर्णधार आणि प्रशिक्षक खेळपट्टी पाहून ठरवतात. २०२५ च्या इंग्लंड दौऱ्यात अर्शदीप सिंग संघात होता, पण पाचपैकी एकही कसोटी खेळला नाही. मध्यंतरी सरावात त्याच्या हातालाही दुखापत झाली. त्याबद्दल आमच्याकडे निवड समितीच्या नावाने बोटे मोडली गेली, तेव्हा राग चुकीच्या पत्त्यावर पोचला होता.

सर्वांत चांगले तीन गोलंदाज घेतले की झाले. यात एवढे अवघड काय आहे?

अवघड हेच आहे की तीन चांगले गोलंदाज म्हणजे चांगला मारा नव्हे. औताला जुंपायचे दोन बैल सारख्या चालीचे लागतात, हे आपल्याकडे कोणत्याही शेतकऱ्याला माहीत असते. वेगवान गोलंदाजांचे नेमके उलटे आहे. तिघांची चाल सारखी असली की फलंदाजाला एका तासात तिघांचीही सवय होते. २०१८ साली बुमरा, शमी आणि ईशांत शर्मा या तिघांनी मिळून एका वर्षात कसोटीत १३० पेक्षा जास्त बळी घेतले. ईशांत उंच होता आणि टप्प्यावरून चेंडू उसळवत एक बाजू तासन् तास दाबून धरायचा. शमीच्या चेंडूची शिवण (मधले टाके) इतकी सरळ पडायची की टप्पा पडल्यावर चेंडू कोणत्या बाजूला जाईल याचा अंदाज त्याला तरी होता का, अशी शंका यावी. आणि बुमरा आखूड धावेतून, ताठ हाताने, इतरांपेक्षा फलंदाजाच्या जवळून चेंडू सोडायचा. यातल्या कोणत्याही एकाच्या जागी दुसऱ्याची प्रतिकृती घातली असती, तर कागदावर मारा तितकाच बळकट दिसला असता आणि मैदानावर फिका पडला असता.

म्हणून मी यादी करताना नावांऐवजी कामांपासून सुरुवात करतो. नवा चेंडू हलवणारा कोण, चाळीस षटके जुन्या चेंडूने धावा रोखणारा कोण, उंचीचा उपयोग करणारा कोण, आणि दिवसाच्या शेवटच्या तासात कर्णधार चेंडू कोणाच्या हाती देणार, एवढे आधी ठरवावे. नावे त्यानंतर लिहावीत.

गोलंदाज पारखताना नेमके काय पाहावे?

माझ्या मते त्याचा पहिला स्पेल (सलग टाकलेली षटके) सोडून द्यावा आणि तिसरा पाहावा. सकाळी साडेनऊला नव्या चेंडूने जो तो चांगलाच दिसतो. दुपारी साडेतीनला, चेंडू पासष्ट षटके जुना झालेला असताना आणि खेळपट्टीवर दोन फलंदाज जमलेले असताना त्याच्याकडे काय शिल्लक उरते, तीच कसोटीतल्या गोलंदाजाची खरी किंमत आहे.

आमच्याकडे वेग मोजण्याचे यंत्र नाही. आम्ही फक्की वापरतो. गोलंदाजाच्या पहिल्या स्पेलमध्ये यष्टिरक्षक जेथे उभा राहून चेंडू कमरेच्या उंचीवर पकडतो, तेथे फक्कीची एक रेघ मारायची. त्याच गोलंदाजाचा शेवटचा स्पेल सुरू झाला की दुसरी रेघ मारायची. चांगला यष्टिरक्षक वेग ओळखून आपोआप पुढेमागे सरकतो. त्याला काही सांगावे लागत नाही. मे महिन्यात, पारा पंचेचाळीसच्या पुढे गेलेला असताना, बहुतेक मुलांच्या दोन रेघांत चार-पाच पावलांचे अंतर पडते. ज्याच्या रेघांत एका पावलाचेच अंतर राहते, त्याचे नाव मी वहीत वेगळे लिहितो, मग त्या दिवशी त्याला बळी मिळालेला असो वा नसो.

हीच नजर राष्ट्रीय संघाला लावली की मोहम्मद सिराजचे मोल कळते. २०२५ च्या इंग्लंड दौऱ्यात पाचही कसोटी खेळणारा तो भारताचा एकमेव वेगवान गोलंदाज होता. त्याने १८५ पेक्षा जास्त षटके टाकली आणि २३ बळी घेतले. ओव्हलच्या शेवटच्या डावात तो एकतिसावे षटक टाकत होता, आणि त्याच षटकातल्या यॉर्करवर (फलंदाजाच्या पायापाशी पडणाऱ्या चेंडूवर) इंग्लंडच्या ॲटकिन्सनचा त्रिफळा उडून भारत ६ धावांनी जिंकला. त्या वेळी यष्टिरक्षक किती पावले पुढे आला होता, हे ज्याने पाहिले असेल त्याला माझी रेघ समजेल.

बुमराला प्रत्येक सामना का खेळवत नाहीत? लष्करातला जवान कधी सुट्टी मागतो का?

हा प्रश्न मला सर्वाधिक वेळा विचारला जातो आणि प्रत्येक वेळी त्यात जवान येतोच. उत्तर भावनेचे नाही, मणक्याचे आहे. वेगवान गोलंदाजाचा पुढचा पाय जमिनीवर आदळतो तेव्हा शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार त्या पायावर येतो. त्याच क्षणी कंबर एका बाजूला झुकलेली आणि पिळलेली असते. हे दिवसाला शंभर-सव्वाशे वेळा झाले की कमरेच्या मणक्याच्या हाडाला बारीक तडा जाऊ शकतो. त्यालाच स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात. बुमराला हा त्रास २०१९ मध्ये झाला. २०२२ मध्ये पाठीच्याच दुखण्यामुळे त्याचा टी-२० विश्वचषक हुकला, मार्च २०२३ मध्ये न्यूझीलंडमध्ये पाठीवर शस्त्रक्रिया झाली आणि ऑगस्ट २०२३ मध्ये आयर्लंडविरुद्ध तो परतला.

पुढचा धडा २०२४-२५ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्याने दिला. पाच कसोटींत त्याने दीडशेहून अधिक षटके टाकली आणि तेराच्या आसपासच्या सरासरीने ३२ बळी घेतले. अशी मालिका एखाद्या गोलंदाजाच्या आयुष्यात क्वचितच येते. पण सिडनीच्या शेवटच्या कसोटीत पाठ धरली, दुसऱ्या डावात तो गोलंदाजीला उतरलाच नाही, आणि २०२५ ची चॅम्पियन्स करंडक स्पर्धाही हुकली. त्यानंतर इंग्लंडमध्ये पाचपैकी तीनच कसोटी खेळवायच्या असे आधीच ठरवले गेले आणि ते पाळलेही गेले.

कोणत्या तीन खेळवायच्या यावर वाद होऊ शकतो, आणि तो मीही घालतो. मालिकेत मागे असताना एजबॅस्टनला त्याला बसवणे मला त्या दिवशी पटले नव्हते. मात्र तीनच खेळवायच्या या मूळ निर्णयात मला चूक दिसत नाही.

पण बुमरा नसतानाच भारत जिंकला. मग त्याच्यावाचून अडते कोठे?

एजबॅस्टन आणि ओव्हल, हे इंग्लंडमधले दोन्ही विजय बुमराविना मिळाले, हे खरे आहे. एजबॅस्टनला त्याच्या जागी आलेल्या आकाश दीपने सामन्यात १० बळी घेतले, तर ओव्हलला प्रसिध कृष्णाने दोन्ही डावांत चार-चार. परंतु पर्थला नोव्हेंबर २०२४ मध्ये भारत पहिल्या डावात १५० धावांत गारद झाल्यानंतर बुमराने ३० धावांत ५ बळी घेतले नसते, तर तो सामना २९५ धावांनी जिंकण्याची गोष्टच उरली नसती. या सगळ्या सामन्यांवरून निघतो तो निष्कर्ष एवढाच की राखीव गोलंदाज सामने खेळून तयार ठेवावे लागतात. ब्रिस्बेनला जानेवारी २०२१ मध्ये बुमरा, शमी, ईशांत, उमेश यादव यांपैकी कोणीही उपलब्ध नव्हते, तरी सिराज, शार्दुल ठाकूर, नवदीप सैनी आणि टी. नटराजन यांच्या बळावर सामना जिंकला. ती माणसे एका रात्रीत सापडली नव्हती. त्यांच्यामागे भारत ‘अ’ या दुय्यम संघाचे दौरे आणि रणजीचे हंगाम होते.

शमीने एवढे बळी घेऊनही त्याचा विचार का होत नाही?

विचार होत नाही असे म्हणणे बरोबर नाही. २०२३ च्या विश्वचषकात त्याने ७ सामन्यांत २४ बळी घेतले, आणि वानखेडेवरच्या उपांत्य सामन्यात न्यूझीलंडचे ५७ धावांत ७ फलंदाज बाद केले. त्यानंतर घोट्याची शस्त्रक्रिया झाली, नोव्हेंबर २०२४ मध्ये तो बंगालकडून रणजी सामन्यात परतला, आणि २०२५ च्या चॅम्पियन्स करंडकात बांगलादेशाविरुद्ध त्याने पाच बळी मिळवले. आता वाद त्याच्या कौशल्याचा नाहीच. लागोपाठच्या कसोटींत तिसऱ्या स्पेलला तो त्याच जोराने धावत येईल का, एवढाच प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर रणजीसारख्या चार दिवसांच्या सामन्यांतच मिळते. माझे मत विचाराल तर भारतातल्या कोरड्या खेळपट्टीवर, जुना चेंडू उलटा हलवण्यासाठी, तंदुरुस्त शमी मला अजूनही हवा आहे. पाच कसोटींच्या परदेश दौऱ्यावर मी त्याला पहिल्या तिघांत धरणार नाही.

रणजीत घेतलेले बळी कोणी मोजते तरी का?

मोजतात, पण फार सावकाश मोजतात. जयदेव उनाडकट डिसेंबर २०१० मध्ये सेंचुरियनला पहिली कसोटी खेळला आणि दुसरी खेळायला त्याला डिसेंबर २०२२ उजाडला. मधल्या काळात, २०१९-२० च्या एका हंगामात त्याने ६७ बळी घेऊन सौराष्ट्राला रणजी करंडक जिंकून दिला होता. याउलट हरियाणाच्या अंशुल कंबोजने नोव्हेंबर २०२४ मध्ये केरळविरुद्ध एकाच डावात दहाच्या दहा बळी घेतले आणि पुढच्या जुलैत मँचेस्टरला त्याला कसोटी टोपी मिळाली. पण तेथे त्याचा वेग कमी पडला आणि एकच बळी हाती लागला. बळींचा आकडा दार उघडतो, एवढेच मी म्हणेन. हिरव्या खेळपट्टीवर सकाळच्या दवात घेतलेले पाच बळी आणि पाटा (गोलंदाजाला साथ न देणाऱ्या) खेळपट्टीवर तिसऱ्या दिवशी घेतलेले दोन बळी यांत निवडायचे असेल, तर मी दोनवाल्याकडे जाईन.

आयपीएलमध्ये दीडशेच्या वेगाने टाकणारे पोर कसोटीला का घेत नाहीत?

कारण तेथे त्याला एका सामन्यात चारच षटके टाकायची असतात. उमरान मलिकने २०२२ च्या आयपीएलमध्ये ताशी १५७ किलोमीटरपर्यंत वेग गाठला. मयंक यादव २०२४ मध्ये १५६ च्या पुढे गेला. दोघांनाही भारताकडून मर्यादित षटकांचे सामने खेळायला मिळाले आणि दोघांच्याही वाटेत दुखापती आल्या. असा वेग देशाला हवाच आहे आणि तो जपायलाही हवा. मात्र चोवीस चेंडूंची ताकद पाहून त्याच गोलंदाजावर दिवसाला वीस षटकांचा भार टाकणे म्हणजे बागेतल्या पंपावर अख्ख्या गावाचा पाणीपुरवठा जोडण्यासारखे आहे.

खेळपट्टी आणि चेंडू बदलला की गोलंदाजही बदलावे लागतात का?

लागतात, आणि हे खानदेशात राहणाऱ्याला समजावून सांगण्याची गरज पडू नये. आपली कपाशीची काळी माती खेळपट्टीत वापरली की ती सुकताना भेगाळते आणि चेंडू हळूहळू खाली राहू लागतो. म्हणून आपली मुले लहानपणापासून यष्टीच्या रोखाने टाकायला शिकतात. त्याच मुलांना काथ्याच्या मॅटवर आणले, मॅट ताणून चारही बाजूंनी खिळे ठोकले, की तोच चेंडू छातीपर्यंत येतो आणि मुले बावचळतात. मुंबईच्या वानखेडेची लाल माती आणखी वेगळी उसळी देते.

चेंडूचेही तसेच आहे. भारतात वापरला जाणारा एसजी चेंडू हाताने शिवलेला असतो, त्याची शिवण उठावदार असते, आणि कोरड्या मैदानावर एक बाजू लवकर खरवडली गेल्याने रिव्हर्स स्विंगला, म्हणजे जुना चेंडू नेहमीच्या उलट बाजूला हलण्याला, वाव मिळतो. ऑस्ट्रेलियातला कुकाबुरा चेंडू सुरुवातीची वीसेक षटके हलतो आणि मग शिवण दबल्यावर गप्प होतो. तेथे उंची, वेग आणि टप्प्यावर चेंडू आपटण्याची ताकद लागते. पर्थला हर्षित राणाला पदार्पणाची संधी देण्यामागे हाच विचार असावा. इंग्लंडचा ड्यूक्स चेंडू सर्वसाधारणपणे जास्त वेळ हलतो. २०२५ मध्ये तो लवकर मऊ पडतो म्हणून भारतीय खेळाडू वारंवार पंचांकडे जात होते, ही गोष्ट वेगळी.

संघात डावखुरा वेगवान गोलंदाज असलाच पाहिजे का?

असावा, पण केवळ डावखुरा आहे म्हणून नसावा. झहीर खान हा अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या श्रीरामपूरचा. त्याने कसोटीत ३११ बळी घेतले ते हात वेगळा होता म्हणून नव्हे, तर जुना चेंडू दोन्हीकडे हलवता येत होता म्हणून. डावखुऱ्याचा एक फायदा मात्र फारसा बोलला जात नाही. तो यष्टीवरून (चेंडू टाकणारा हात यष्टीच्या बाजूला ठेवून) गोलंदाजी करतो तेव्हा त्याच्या पायांनी उखडलेली माती दुसऱ्या टोकाकडून टाकणाऱ्या ऑफ-स्पिनरला उजव्या फलंदाजाच्या ऑफ-यष्टीबाहेर मिळते. चौथ्या-पाचव्या दिवशी त्याचे मोल वाढते. या एका कारणासाठीही अर्शदीपला लाल चेंडूचे (रणजी, कसोटीसारखे) अधिक सामने मिळायला हवेत, असे मला वाटते.

आठव्या क्रमांकावर फलंदाजी येणारा गोलंदाज हवा की निखळ गोलंदाज?

लीड्सला २०२५ मध्ये भारताकडून पाच शतके झाली. तरीही शेवटचे ७ फलंदाज पहिल्या डावात ४१ धावांत आणि शेवटचे ६ दुसऱ्या डावात ३१ धावांत बाद झाले. मग इंग्लंडने ३७१ धावांचे लक्ष्य पाच गडी गमावून गाठले. काहींनी यावरून तळाला फलंदाजी हवी असा निष्कर्ष काढला. मी उलट वाचतो. त्या सामन्यात आठव्या क्रमांकावर शार्दुल होताच. कमी पडली ती चौथ्या दिवसानंतर बळी घेण्याची ताकद. वीस बळी घेतल्याशिवाय कसोटी जिंकता येत नाही, आणि जादाच्या तीस धावांसाठी त्यातले दोन बळी सोडून देण्याचा व्यवहार मला आतबट्ट्याचा वाटतो.

एकदिवसीय आणि टी-२० संघासाठी हेच निकष लावायचे का?

नाही. टी-२० मध्ये पहिली दोन आणि शेवटची दोन षटके टाकणारा माणूस लागतो. अर्शदीपने २०२४ च्या विश्वचषकात १७ बळी घेतले आणि टी-२० आंतरराष्ट्रीय सामन्यांत शंभर बळींचा टप्पा गाठणारा तो भारताच्या पुरुष संघातला पहिला गोलंदाज ठरला. एकदिवसीय सामन्यांत २०२५ पासून ३४ षटकांनंतर दोनपैकी एकच चेंडू पुढे वापरला जातो. त्यामुळे जुना चेंडू हलवणाऱ्याला पुन्हा भाव येईल.

महिला संघाचे काय?

तेथेही पेच तोच आहे. रेणुका सिंग ठाकूर नवा चेंडू आत आणते, तर क्रांती गौड वेगाने टप्प्यावर आपटते. म्हणून दोघी एकत्र शोभतात. क्रांती मध्य प्रदेशातल्या छतरपूर जिल्ह्यातल्या घुवारा या छोट्या गावची. तिने जुलै २०२५ मध्ये इंग्लंडविरुद्ध ५२ धावांत ६ बळी घेतले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये विश्वविजेत्या संघात ती होती. आमच्या मैदानावर तेव्हापासून चार मुली येऊ लागल्या आहेत.

आमचा मुलगा टेनिस बॉलवर फार वेगाने टाकतो. खानदेशातून त्याला वाट आहे का?

आहे, पण लांबची आहे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तिन्ही जिल्हे महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनच्या कक्षेत येतात. जिल्ह्याचा संघ, मग वयोगटांचे निवड सामने, मग महाराष्ट्राचा संघ, असा तो क्रम असतो. टेनिस बॉलची लाज बाळगू नये. नटराजनने तमिळनाडूतल्या खेड्यात त्याच चेंडूवर यॉर्कर घोटवला होता. नागपूरजवळच्या खापरखेड्याचा, खाणकामगाराचा मुलगा उमेश यादव विशीच्या उंबरठ्यावर चामड्याच्या चेंडूकडे वळला आणि २०११ मध्ये विदर्भाचा पहिला कसोटीपटू झाला. टेनिस बॉलला शिवण नसते, म्हणून मनगट सरळ ठेवण्याची सवय मात्र वेगळी लावावी लागते. ते काम सोळाव्या वर्षापर्यंत झालेले बरे.

त्याने दिवसाला किती षटके टाकावीत?

इंग्लंडमध्ये वयानुसार एका स्पेलमधील आणि दिवसभरातील षटकांवर मर्यादा आहे. आपल्याकडे गावोगावच्या स्पर्धांत तशी काही नसते. दोन वर्षांपूर्वी आमच्या पंधरा वर्षांच्या एका मुलाने उन्हाळी स्पर्धेत तीन दिवसांत तीन संघांकडून गोलंदाजी केली, कारण तिन्ही कर्णधारांना तो हवा होता आणि त्याला नाही म्हणता येत नव्हते. चौथ्या दिवशी त्याला सायकलवर बसता येईना. मणक्याला तडा निघाला आणि सात महिने गेले. त्यानंतर आम्ही आमच्यापुरता नियम केला की मुलाने एका स्पेलमध्ये सहा आणि दिवसात बारा षटकांपेक्षा जास्त टाकायची नाहीत, आणि सरावातली षटकेही त्याच हिशेबात धरायची. वही माझ्याकडे असते. तो मुलगा आता परत टाकू लागला आहे. गेल्या रविवारी त्याच्या दोन रेघांत दीड पावलाचे अंतर होते, आणि बारावे षटक संपल्यावर त्याच्या हातातून चेंडू मलाच काढून घ्यावा लागला.